सर्दी समजून वगळलेल्या रेघा

मित्रांनो, मी एक जुनं श्वासयंत्र आहे. या अडगळीच्या खोलीत कुलूपबंद पडलोय. माझ्या नळीत जोराने फुंकलं, की माझं पेन कागदाच्या पट्टीवर रेघ चढवतं. छाती धडधाकट असेल तर रेघ उंच, पोखरलेली असेल तर बुटकी. भीडभाड मला ठाऊक नाही.

माझी उमेदीची वर्षं एका संशोधन संस्थेत गेली. मला सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. मला पुसता पुसता त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, ‘आमचं यंत्र खोटं बोलत नाही हं!’ मी अगदी फुगून जाई.

मग एका सिगारेट कंपनीने खर्च उचलला आणि तिच्या तंबाखूच्या गोदामातल्या कामगारांना तपासायचं ठरलं. संचालकसाहेबांनी नियम घातला : जो खोकेल, त्याला सर्दी झाली समजून दारातूनच परत पाठवायचं. आता बोला! त्या धुळीत राबणारे निम्मे लोक खोकतच यायचे.

एके दिवशी परत पाठवलेल्यांत ताईंची थोरली बहीण होती. ताईंनी तिला हाताला धरून माझ्यापुढे बसवलं.

‘फुंक अक्का, अजून फुंक.’

अक्कांनी जीव खाऊन फुंकलं. पेन बोटभर चढलं आणि थांबलं.

दारात साहेब उभे होते. ‘ही रेघ नको. हिला सर्दी आहे.’

‘साहेब, सात वर्षं टिकणारी सर्दी असते का हो?’

‘फाडा म्हणतो ना! नोकरी नकोय का?’

ताईंनी पट्टी फाडली, पण कोरी. खरी त्यांनी माझ्या तळाच्या फळीखाली सरकवली. पुढे महिनाभर दुपारच्या सुट्टीत त्या वगळलेल्यांना मागच्या दाराने बोलवत राहिल्या. साहेबांची पावलं वाजली, की नवी पट्टीही त्याच फळीखाली जायची.

शेवटी कुणीतरी चुगली केलीच. ताईंना उभ्या उभ्या काढलं, मला इथे टाकलं. ‘तंबाखूने छातीला अपाय आढळला नाही,’ असा अहवाल छापला गेला. पुढे अक्का गेल्या, हे मी शिपायांच्या बोलण्यात ऐकलं.

आज एक शिपाई माझ्या अंगावर खडूने फुली मारून गेला. उद्या भंगारवाला येणार.

मित्रांनो, मला पुसू नका, तेलही घालू नका. माझं लोखंड खुशाल विका. फक्त त्याआधी तळाची सैल फळी ओढा. आत बेचाळीस पट्ट्या आहेत. पहिली अक्कांची. तिच्यावर ताईंच्या हातचं लिहिलेलं आहे : ‘सर्दी नव्हती.’