मला पाणी कोणी पाजले?

मित्रांनो, तुमच्याशी बोलणारे हे इंजिन साठ वर्षांचे आहे आणि सध्या फार रागात आहे. आपली कहाणी सांगणाऱ्याने गोड बोलावे, मधूनमधून एखादा सुस्कारा सोडावा, अशी रीत असते. मला ती पाळता येणार नाही. माझी कहाणी ऐकलीत तर तुम्हीही ती पाळा असे म्हणणार नाही.

मी एका जुन्या, दोनच माणसे बसतील अशा स्पोर्ट्स कारचे इंजिन आहे. माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. तुमच्या घरच्या गाडीचे इंजिन पाण्याने थंड होते, तिला रेडिएटर असतो. माझ्याकडे तसले काही नाही. माझे चार सिलिंडर आडवे झोपलेले असतात, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. प्रत्येकाभोवती धातूच्या पातळ पट्ट्या आहेत. पंखा वारा फेकतो आणि माझ्या अंगावरचे पत्रे तो वारा नेमका त्या पट्ट्यांमधून नेतात. पत्रे नसले की वारा वाट फुटेल तिकडे जातो आणि मी भाजून निघते. माझे शास्त्र एवढेच. ते समजायला फार अक्कल लागत नाही, असे मला वाटायचे.

मला नागपुरात आणले डॉक्टर वामनरावांनी. त्यांचा दवाखाना जवळच्या खापा गावी होता आणि घर नागपुरात. सुरुवातीला शहरातला कोणी मेकॅनिक मला हात लावेना. जो तो झाकण उघडून विचारायचा, "रेडिएटर कुठं हाये?" शेवटी कोणीतरी नंदनवन वस्तीतल्या देवरावांचे नाव सांगितले. देवराव स्कूटर दुरुस्त करायचे आणि उन्हाळा लागला की कूलर. त्यांनी माझे झाकण उघडले, पाच मिनिटे नुसते कान देऊन ऐकले आणि म्हणाले, "साहेब, हे त आपल्या स्कूटरचं मोठं भावंड हाये. पंखा आन् पत्रे. समजते मले."

त्या दिवसापासून बत्तीस वर्षे मला दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही. माझ्या झडपेचा एक टॅपेट जरा जास्त वाजला तरी देवराव मान तिरकी करून थांबायचे. वामनराव येईल त्या पाहुण्याला सांगायचे की या गाडीचा मालक मी असेन, पण हिला ओळखतो तो देवराव. मी त्या दिवसांत सुखी होते, हे रागातही कबूल करते.

वामनराव वारले आणि गाडी त्यांच्या मुलाकडे, रविंद्रकडे आली. रविंद्रला गाडी चालवण्यापेक्षा दाखवण्याची हौस. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात झाकण उघडून माझ्याशेजारी फोटो काढायचे, हा त्याचा छंद. फोटोत पत्रेच दिसतात, इंजिन दिसत नाही, अशी त्याची तक्रार होती. मार्चमध्ये त्याने एका चकचकीत दुकानात नेऊन माझे पत्रे काढून टाकले. त्याची आई उत्तराबाई म्हणाल्या, "देवरावभाऊंना एकदा विचार." तर हा म्हणतो, "त्याला काय विचारायचं? उन्हाळा येतोय. अंग उघडं राहिलं तर हवा लागेल."

ऐकलेत? नागपुरात मे महिन्याच्या दुपारी बाहेर पडणारा माणूस डोक्यापासून नाकापर्यंत दुपट्टा गुंडाळतो. उन्हात अंग झाकायचे असते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळते. त्या शहरातल्या शिकल्यासवरल्या माणसाने मला उघडे केले.

मे महिन्यात तो आईला घेऊन खाप्याला लग्नाला गेला. परतताना भर दुपारी दोन वाजता सावनेर रस्त्यावर माझ्यातून धूर निघू लागला. मला गार व्हायला तासभर सावलीत उभे केले असते तरी मी सावरले असते. पण रविंद्रला इंजिनाविषयी एकच गोष्ट ठाऊक होती, तापले की पाणी टाकायचे. रस्त्याकडेला पाणपोई होती. तहानलेल्यांसाठी ठेवलेले थंडगार पाणी त्याने मडक्याने माझ्यावर ओतले. एकदा नाही, तीनदा. लाल व्हायच्या बेतात आलेल्या धातूवर गार पाणी पडले आणि सिलिंडरच्या तोंडावर बसणाऱ्या माझ्या एका हेडला केसाएवढा तडा गेला. जन्मात पाण्याचा थेंब न घेतलेल्या मला असे पाणी पाजले गेले.

आणि मग चोराच्या उलट्या बोंबा सुरू झाल्या. त्याच महिन्याच्या मेळाव्यात रविंद्रने माइक हातात घेऊन सगळ्यांना सांगितले, "कूलरवाल्याच्या हातात इंजिन देऊ नका. माझं त्यानं जाळलं." फेब्रुवारीत माझी शेवटची सर्व्हिसिंग देवरावांनी केली होती, तेवढा धागा त्याला पुरला. बोलणे नंदनवनापर्यंत पोचायला दोन दिवस लागले. वीस वर्षे स्कूटर आणणारा एकजण देवरावांना विचारून गेला, "भाऊ, दिसते ना तुले अजून नीट?" देवराव त्या दिवशी जेवले नाहीत, हे त्यांच्या मुलीने, दीक्षाने नंतर माझ्यासमोरच सांगितले.

देवराव स्वतः रविंद्रच्या दारात गेले. म्हणाले, "इंजिन माह्या दुकानात धाडा. मी खोलून पाह्यतो. माही चूक निघाली त मीच सगळ्याईले सांगीन." रविंद्रने तीन महिने टाळाटाळ केली. शेवटी दुसरा कोणी मला उघडायला तयार होईना, तेव्हा एका टेम्पोत टाकून मला पाठवले. पत्रे नव्हतेच. मला गाडीतून उतरवताना ते काढले, अशी थाप बरोबर पाठवली.

सप्टेंबरातल्या एका रविवारी मला उघडले. दीक्षा हिंगण्याच्या एका कारखान्यात तयार भाग मोजून पास करते, तिची त्या दिवशी सुट्टी होती. एकेक नट सुटत गेला. दुसऱ्या सिलिंडरचा पिस्टन ओरबाडलेला निघाला. दीक्षाने मोजून सांगितले, "बाबा, सिलिंडर गोल नाही राहिला. लई तापलं हे." देवरावांचा चेहरा उतरला. आपण तेलात, ठिणगीच्या टायमिंगमध्ये काही चुकलो का, हे ते पुन्हा पुन्हा आठवू लागले. मला इतका संताप आला, की फुटलेल्या हेडसकट ओरडावेसे वाटले.

मग त्यांचे बोट पट्ट्यांच्या मधल्या फटीत गेले आणि तिथेच थांबले. त्यांनी नखाने काहीतरी खरवडले आणि जिभेला लावून पाहिले.

"दीक्षा, पाह्य वं. काय हाये हे?"

"पांढरी पपडी. कूलरच्या जाळीवर बसते तेच, बाबा. खाऱ्या पाण्याचं." आणि लगेच तिचा आवाज चढला. "पण पत्रे असते त पाणी इथवर आलंच नसतं! म्हणजे रस्त्यावरच पत्रे नव्हते!"

बाहेरून मला फडक्याने पुसून लख्ख केले होते. फटीत बोट घालायचे मात्र कोणाला सुचले नव्हते. ते सुचायला हजार कूलरांच्या जाळ्या घासलेला माणूस लागतो. ज्या शब्दाने त्यांना हिणवले, त्याच कामाने त्यांना वाचवले.

देवरावांनी रविंद्रला बोलावले. उत्तराबाईही आल्या. पपडी पाहून रविंद्र क्षणभर गडबडला, पण तेवढाच. म्हणाला, "मी थेंबभर पाणी टाकलं नाही. तुमच्या दुकानात कूलर आहेत, त्यांचंच उडालं असेल."

देवरावांनी पुन्हा त्या फटीकडे बोट नेले. तेवढ्यात उत्तराबाई बोलल्या.

"तीन मडकी, रवी. पाणपोईची. तिसरं मीच भरून दिलं."

देवरावांनी हातातला पाना खाली ठेवला. "बाई, तुम्हाले माहीत होतं?"

"हो."

"चार महिने?"

"मुलगा आहे माझा, देवरावभाऊ."

"आन् मी?" देवराव म्हणाले. "बत्तीस वर्षं तुमच्या घरचा चहा पिऊन राहिलो, बाई."

उत्तराबाई रडू लागल्या, पण दीक्षाने त्यांना रडूनही सुटू दिले नाही. "काकू, इथं सांगून काय होते? जिथं माह्या बाबाचं नाव घेतलं, तिथं सांगा."

त्यानंतर दोन महिने देवराव माझ्यावर राबले. हेडचा तडा दीक्षाने हिंगण्यातल्या ओळखीच्या माणसाकडून भरून, घासून आणला. पिस्टन आणि रिंगा परदेशातून आल्या. पत्रे रविंद्रच्या गॅरेजमध्ये धूळ खात होते. देवरावांनी त्यांचे पोचे ठोकून काढले आणि एकही स्क्रू न वगळता ते मला चढवले. मला पुन्हा गाडीत बसवले आणि मी पहिल्या चावीला सुरू झाले. देवरावांनी मान तिरकी करून बराच वेळ ऐकले, मग बंद केले आणि रविंद्रला म्हणाले, "घेऊन जा. पण यापुढं दुसऱ्याकडं दाखवा."

नंतरच्या मेळाव्यात उत्तराबाईंनी माइक धरून सगळे सांगितले. रविंद्र मोबाइलमध्ये डोके घालून उभा होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मे महिन्यातही हेच लोक मान डोलावत होते. मला त्या टाळ्यांचाही राग आला.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा. एखादा पत्रा काढण्याआधी तो कोणी आणि का बसवला, ते विचारा. एवढे सांगून मी थांबले असते तर तुम्ही मला शहाणे म्हटले असते. पण माझे मागणे याहून मोठे आहे. एखाद्या निर्दोष माणसाला दोष लागताना पाहाल, तर त्याच दिवशी तोंड उघडा, मग दोष देणारा तुमच्या घरचा का असेना. मी पडले लोखंड, मला बोलता येत नव्हते. उत्तराबाईंना येत होते. त्या बोलल्या चार महिन्यांनी, आणि देवरावांचे नाव परत आले. देवराव मात्र माझ्याकडे परत आले नाहीत.