झेब्र्याच्या कानातला किडा

मित्रांनो, मी एक जुना किडा आहे. टाचणीच्या टोकाएवढा. आठ पाय आहेत मला, हवं तर मोजून घ्या; त्या झेब्र्याला चारच. तरी संग्रहालयात शिरलेलं पोर आधी धावायचं ते त्याच्याकडेच.

खरं तर आम्ही एकाच घरचे. माझा जन्म त्याच्याच कानातला. तो जिवंत असताना मी चावलो की ते एवढं थोरलं धूड मान झटकत, पाय आपटत फिरायचं. तेव्हा कोणाचं चालत होतं, सांगा! तो मेला. कातडं भरणाऱ्या कारागिराने त्याच्यात भुसा भरला, काचेचे डोळे बसवले आणि कान साफ करताना मला सुईने उचललं. दोन काचपट्ट्यांमध्ये बसवून मला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. तो ऐन दालनाच्या मधोमध, मी कोपऱ्यात.

पोरांचं एक वेळ सोडा. पण झाडलोट करणाऱ्या मावशींनीही त्यालाच जीव लावला. रोज सकाळी त्या ओल्या फडक्याने त्याला पुसायच्या आणि म्हणायच्या, "झाली हो राजाची आंघोळ." माझ्या टेबलावर जाता जाता फडक्याचा एक फटका. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

कातड्याला पाणी लावू नका, कोरडा ब्रश फिरवा, असं कारागीर बजावून गेला होता. मावशी नंतर कामाला लागल्या. त्यांना कोणी सांगितलंच नाही. हळूहळू पोटाखालची शिवण कुजू लागली. मला ते दिसत होतं. मला बोलता येत नाही. पण खरं सांगतो, येत असतं तरी मी तोंड उघडलं नसतं. मनात उकळ्या फुटत होत्या माझ्या.

एका सकाळी शिवण उसवली आणि भुसा भसाभसा खाली आला. संग्रहालयाच्या साहेबांनी वाकून बघितलं आणि ते म्हणाले, "मावशी, पाण्याने कुजलंय हे. आता काही उरलं नाही यात." दुपारी चौघांनी त्याला उचलून नेलं. मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या.

आता आपलंच राज्य, असं मला वाटलं. पण पोरं दारातूनच डोकावून परत जाऊ लागली.

आठवड्याने मावशी माझ्याकडे आल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मी हरखून गेलो. माझ्या मागच्या पायात त्याच्या कानाचा एक केस अडकलेला आहे. त्या केसाकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "मला कोणी सांगितलं नाही रे, राजा."

मित्रांनो, ज्याला जीव लावाल त्याला काय चालतं, काय नाही, ते आधी विचारून घ्या. आणि दुसऱ्याचं बिघडताना दिसलं, तर माझ्यासारखे मनातल्या मनात खूश होत बसू नका. मावशी आता रोज माझ्याकडे येतात, माझी काच हलक्या हाताने पुसतात, डोळा लावून बघत राहतात. बघतात मात्र त्या केसाकडेच.