बावन्न वजा अडतीस

माझी धाकटी जाऊ वर्गात मुलांना उड्या मारायला लावते आणि त्याला वजाबाकी म्हणते. फरशीवर खडूने लांब रेघ, रेघेवर आकडे. बावन्नातून अडतीस काढायचे तर अडतीसवर उभं राहायचं, दोनची उडी मारून चाळीस गाठायचे, दहाची मारून पन्नास, पुन्हा दोनची, की आलं बावन्न. "दोन, दहा, दोन, चौदा!" असं पोरं इतक्या जोरात ओरडतात की भिंतीपलीकडे माझ्या पहिलीतल्या मुलांच्या पेन्सिली थांबतात. वजाबाकीत काहीतरी काढून घ्यायचं असतं, ही बेरीज करून मोकळी होते.

मी चोवीस वर्षं पहिली शिकवते. हिला वर्षभरापूर्वी दुसरीवर घेतलं ते माझ्या शब्दावर, कारण दिराने दोन महिने टुमणं लावलं होतं. घरी ओटा एक, शाळेत भिंत एक. सकाळी डबे भरताना हिचं सुरू व्हायचं, "ताई, पहिलीत जरा वेगळं सांगून बघितलं तर..." मला सांगते! हिच्या नवऱ्याचे पाढे मी पाठ करून घेतलेत. तिने तोंड उघडलं की मी नळ पूर्ण सोडायचे आणि भांडी आपटायचे.

माझी पद्धत सरळ आहे. पहिलीतल्या मुलाला तीनातून पाच काढायला दिले तर ते रडतं. म्हणून मी डाव्या तळहातात उजवी मूठ धरते, ती झटक्याने ओढून काढते आणि वर्गाकडून म्हणवून घेते, "मोठ्यातून लहान, काढा काढा छान!" चोवीस वर्षांत एकही पोर हे विसरलेलं नाही.

तिची नेमणूक एका वर्षाची होती. या महिनाअखेर मुख्याध्यापिका सही करणार, की ती कायम होणार. ती सही होऊ नये असं मला वाटत होतं, आणि ते मनात ठेवून मी गप्प बसणाऱ्यातली नाही. ती एक दिवस रजेवर गेली, तिच्या वर्गावर मला पाठवलं. मी फळ्यावर दहा वजाबाक्या मांडल्या, एकाखाली एक आकडे, उभ्या मांडणीत. रेघ नाही, उड्या नाहीत. एकतीस मुलांपैकी बावीस जणांनी बावन्न वजा अडतीसचं उत्तर सव्वीस लिहिलं. माझा आनंद पोटात मावेना. तिला कायम करू नये असा अर्ज लिहिला, वह्यांचा गठ्ठा काखेत मारला आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिकांच्या टेबलावर नेऊन आदळला.

"बघा, उड्या मारून काय झालं ते."

त्यांनी माझ्या जावेला बोलावलं. ती गठ्ठ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "उभी मांडणी मी अजून घेतलेली नाही. पुढच्या महिन्यात घेणार होते."

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हणाले.

मुख्याध्यापिकांनी वर्गातली सगळ्यात चुणचुणीत मुलगी बोलावली. तिला सगळे भिंगरी म्हणतात. तिचंही उत्तर सव्वीसच होतं.

"हे कसं काढलंस, बाळ?"

भिंगरीने आकड्यांवर बोट ठेवलं. "इथे दोन आणि आठ. आठ मोठे. आठातून दोन गेले, सहा. पाचातून तीन गेले, दोन. सव्वीस."

"पण आठ तर खाली आहेत."

"असू दे की! मोठ्यातून लहान," भिंगरी म्हणाली. डाव्या तळहातात तिने उजवी मूठ धरली आणि झटक्याने ओढली. "काढा काढा छान!"

मी उगाच गठ्ठ्यातल्या वह्या सरळ करू लागले.

"आणि उड्या मारून किती येतात?"

तिने डोळे मिटले, मान तीनदा हलली. "चौदा."

"मग खरं उत्तर कोणतं?"

"दोन्ही," भिंगरी म्हणाली. "उड्यांच्या बाईंचं चौदा आणि मुठीच्या बाईंचं सव्वीस."

मुख्याध्यापिकांनी तिला खेळायला पाठवलं आणि माझं गेल्या वर्षीचं हजेरीपुस्तक मागवलं. एकेका वहीवरचं नाव त्यात शोधून त्या खूण करत गेल्या. चुकलेली बावीसच्या बावीस मुलं माझ्या हाताखालून गेलेली. बरोबर उत्तरं देणारी नऊ यंदा दुसऱ्या शाळांतून आलेली.

त्यांनी माझा अर्ज घडी करून मला परत दिला आणि जावेच्या कागदावर माझ्यादेखत सही केली. "उद्यापासून रोज एक तास तुम्ही दुसरीत जायचं," त्या मला म्हणाल्या. "जे शिकवलंत ते तुम्हीच काढून टाका."

व्हरांड्यात मी जावेला गाठलं. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच आठवड्यात कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते, ताई. डबे भरताना. तुम्ही नळ सोडलात." ती थांबली नाही, मुलांना आत घ्यायला निघून गेली. तिने ओरडून चार शब्द सुनावले असते तर मलाही भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी दुसरीच्या फळ्यासमोर उभी राहिले. जाऊ मागच्या बाकावर बसली होती, हाताची घडी घालून. कोरा फळा दोनदा पुसला. शेवटी एका दमात बोलून टाकलं, "मोठ्यातून लहान, असं नेहमी करायचं नसतं. वरच्या आकड्यातून खालचा काढायचा. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं."

मग भिंगरीचा हात वर गेला आणि ती उभी राहिली.

"बाई, मग पहिलीतलं अजून काय काय विसरायचं?"

मी मागच्या बाकाकडे पाहिलं. जाऊ मदतीला आली नाही.

"खाली बस," माझ्या तोंडून सवयीने निघालं.

भिंगरी बसली नाही. तिने वहीचं कोरं पान उघडलं, पेन्सिल हातात घेतली, आणि मी सांगायला सुरुवात करायची वाट बघत तशीच उभी राहिली.