सव्वीस इंच

टेपची पिवळी पट्टी सव्वीसच्या आकड्यावर धरून तो थांबला होता. पट्टीचं टोक चौकोनी पाइपच्या कडेला अडकवलेलं, आकडा अंगठ्याखाली, आणि अंगठ्याच्या नखात परवाच्या ग्राइंडिंगची काळी धूळ – छत्तीस वर्षं कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात काढली, तेव्हा हे नख कधी मळलं नव्हतं. कागदावर वेल्डिंगची खूण काढायची : एक बाण, एक छोटा त्रिकोण, शेजारी आकडा. खरं वेल्डिंग खाली शेडमध्ये कुणीतरी करायचं. त्या माणसांची तोंडं त्याने कधी नीट पाहिली नव्हती. ती बहुतेक वेळ झाकलेलीच असत.

आता रघुनंदन त्रेसष्ट वर्षांचा होता, आणि चामराजपेटेतल्या त्याच्या घरापुढे, पत्र्याखाली, जिथे पूर्वी स्कूटर उभी असायची तिथे त्याचं स्वतःचं वेल्डिंगचं मशीन होतं. ते आलं बायको, कमला, गेल्यावर. गेल्यावर म्हणजे… शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळला, मुलीकडे. संहिताच्या बाळंतपणासाठी तीन महिने म्हणून गेली, त्याला चौदा महिने झाले. भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. आधी बाळाला सर्दी होती, मग संहिताची रजा संपली, मग छोट्या सिद्धीला आजीशिवाय झोप येईना; आणि नंतर कारण सांगणं थांबलं, आणि त्याचं विचारणंही. रविवार फार लांब होऊ लागले तेव्हा एचएसआर लेआउटमधल्या वेल्डिंगच्या एका हौशी वर्गात तो नाव घालून आला. शिकवणारी रक्षिता कंपनीतली नोकरी सोडून आलेली, तिशीची. पहिल्या दिवशी त्याचा रॉड लोखंडाला सात वेळा चिकटला. "बघू नका अंकल, ऐका," ती कन्नडमध्ये म्हणाली होती. "तळणीसारखा आवाज आला पाहिजे." आणि आठव्या वेळी तो आला – गरम तेलात काहीतरी सोडल्याचा, एकसारखा, चुरचुरता – आणि काचेमागे त्याचे डोळे अचानक भरून आले होते. धुरामुळे, असं त्याने तिला सांगितलं.

तीन दिवसांपूर्वी कमलाचा फोन आला होता.

"अहो, माझ्या शिलाई मशीनला एक स्टँड करून द्याल? मला आता खाली बसवत नाही."

तिने मापं सांगितली, त्याने ती लिहून घेतली. रुंदी सव्वीस, उंची अठ्ठावीस. हाताने फिरवायचं ते मशीन मधल्या खोलीत खिडकीखाली फडक्यात गुंडाळून ठेवलेलं होतं, आणि तिला खाली बसवत नाही, म्हणजे ती बसायला येणार होती. दुसरा काय अर्थ? चौदा महिन्यांत तिने त्याच्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं. त्याने तिचं कपाट पुसून काढलं. बाजारात जाऊन तिला आवडतात तशी बारकी वांगी आणली, आणि मग एकट्यालाच ती दोन दिवस खावी लागली, तरी वाईट वाटलं नाही. त्याची जुनी ड्रॉइंगची फळी माळ्यावर होती. तीच कापून वर बसवायची असं त्याने ठरवलं. बत्तीस वर्षं ती त्या खिडकीखाली जमिनीवर बसून शिवत आली होती. येता-जाता त्याला दिसायचा तो तिचा भांग आणि वाकलेली मान. एक टेबल द्यावं असं त्याच्या कधी मनात आलं नाही. मनात आलं नाही, एवढंच. तिला काही कमी करायचं असं थोडंच होतं… पण मनात आलं नाही.

पाइप कापण्याआधी सहज म्हणून तो आत गेला आणि त्याने खिडकीखालची जागा मोजली. एक्कावन्न इंच. मग सव्वीस कशाला? एवढी मोकळी जागा असताना बाई एवढंसं टेबल का मागते? चुकून सांगितलं असेल. त्याने फोन लावला.

"किती रुंद म्हणालीस?"

"सव्वीस. वर अर्धा इंचही नको. मग बाल्कनीचं दार उघडत नाही."

"बाल्कनीचं."

"हां, इथलं. वॉशिंग मशीनच्या पलीकडे तेवढीच जागा आहे. आणि येताना मशीनही घेऊन या. स्वल्प सांभाळून, चाकाचा दांडा ढिला झालाय."

"सरी, बरं," तो म्हणाला.

चामराजपेटेतल्या घराला बाल्कनी नव्हती.

तो पुन्हा पत्र्याखाली येऊन बसला. समोर पाइप. हातात खडू. त्याने टेप लावली आणि अठ्ठावीसवर रेघ मारली. दोनच इंच. एवढी चूक कुणाचीही होते. दार अडेल, ती म्हणेल हे इथे बसत नाही, आणि मग टेबल आणि मशीन दोन्ही परत आणावी लागतील, आणि कदाचित… छत्तीस वर्षांत त्याच्या हातून एक चुकीचं माप बाहेर गेलं नव्हतं. एकदा तिने पुढच्या खोलीचे पडदे शिवले होते, आणि त्याने पट्टी लावून सांगितलं होतं, डावा पाव इंच आखूड आहे. तिने तो काढून घेतला. सबंध दुपार उसवत बसली. संध्याकाळी दोन्ही पडदे सारखे झाले, आणि आपण तिला मदत केली असं त्याला प्रामाणिकपणे वाटलं होतं. तो पडदा पाव इंच आखूड राहिला असता तर काय झालं असतं? कुणाला दिसलं असतं?

त्याने अंगठ्याने अठ्ठावीसची रेघ पुसली. ती नीट पुसली जाईना. थुंकी लावून पुसली. मग सव्वीसवर मारली आणि कापलं.

हेल्मेट खाली आलं की जग जातं. अंगण नाही, शेजारचं नळाचं पाणी नाही, बाहेरचा भाजीवाला नाही. काळोख, आणि त्यात नखाएवढा उजेड, आणि उजेडात वितळलेल्या लोखंडाचा थेंब, तो मी हळूहळू पुढे नेतो आहे. घाई केली तर सांधा उपाशी राहतो, रेंगाळलो तर भोक पडतं. इथे मला कुणी बघत नाही. इथे मी म्हणू शकतो की ये. कमला, परत ये. आवाज मोठा असतो, कुणाला ऐकू जात नाही, मलाही जात नाही… तिसऱ्या पायाशी रॉड रेषेवरून सरकला. काळी खपली हातोडीने उडवली तेव्हा खालची ओळ सापासारखी वळलेली दिसली. सांधा पक्का होता, फक्त वाकडा. घासून पुन्हा करता आला असता. त्याने तो तसाच ठेवला आणि वर काळा रंग मारला.

रंग वाळेपर्यंत दीड वाजला. वर फळी बसवली, लगेज ऑटोत स्टँड दोरीने बांधला, शिलाई मशीन मांडीवर घेतलं आणि तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. मेख्री सर्कल येईपर्यंत त्याने एकच वाक्य तीन-चार प्रकारे म्हणून पाहिलं. घरी कधी येतेस? घरी यायचं काही ठरवलंस का? घर फार… पुढे हेब्बाळचं तळं दिसलं आणि वाक्य अर्धंच राहिलं.

दार कमलानेच उघडलं. संहिता ऑफिसात होती, सिद्धी झोपली होती. कमलाने केस कापले होते, मानेपर्यंत. त्याने ते पाहिलं, आणि मग तो उगाच उशिरा म्हणाला, "केस…"

"उन्हाळा," ती म्हणाली. "इकडे या, इथे."

स्टँड वॉशिंग मशीनच्या पलीकडे सरकवला. बसला. तिने बाल्कनीचं दार उघडून पाहिलं, मिटून पाहिलं. मग खाली वाकून चारही सांध्यांवरून बोट फिरवलं, कापडाचा पोत पाहावा तसं. तिसऱ्याशी बोट थांबलं.

"हे तुम्ही स्वतः केलंत?"

"हो. तिथे वाकडं झालंय."

"घट्ट आहे ना?"

"घट्ट आहे."

"मग झालं." तिने खुर्ची ओढली. "पाच वाजता बायका येतात. सहाजणी आहेत खालच्या मजल्यांवरच्या, शिवण शिकायला. आतापर्यंत संहिताच्या जेवणाच्या टेबलावर चालायचं सगळं. चहा घेणार ना?"

"आधी तू बसून बघ. उंची जमली का कळेल."

ती बसली. एक फडकं सुईखाली घातलं, उजव्या हाताने दांडा फिरवला, डाव्याने कापड पुढे नेलं. पाठ सरळ होती. तो दाराशी उभा होता, आणि बाल्कनीतला उजेड सरळ तिच्या तोंडावर पडला होता. शिवताना ती खालचा ओठ किंचित आत ओढते, हे त्याला माहीत नव्हतं. वळण आलं की तिच्या भुवया वर जातात, आणि कापड नीट वळलं की ती अगदी पुसट हसते, कुणासाठी नाही, स्वतःशीच. हे ती तेव्हाही करत असेल? खिडकीखाली, रोज, मी शेजारून पाण्याचा तांब्या घेऊन जात असताना?

"जमली उंची," ती मान वर न करता म्हणाली. "तुम्हाला परत जायची घाई आहे?"

"नाही."

"मग बसा."

रस्ताभर घोकलेलं वाक्य जिभेवर होतं, पण ते आता दुसऱ्याच कुणाला उद्देशून केल्यासारखं वाटत होतं. रिकाम्या घरात चौदा महिने त्याला जे आठवत होतं ते स्वयंपाकघर होतं, पावलांचा आवाज होता, दोन ताटं होती. ते हरवलं होतं आणि सापडू शकत होतं. हे तसं नव्हतं. ही बाई हाताच्या अंतरावर बसलेली होती, आपल्याच कामात, आणि तिची त्याला इतकी आठवण येत होती की बसायला जागा शोधणंही सुचेना. तिला काय विचारावं? तुझ्याकडे कोण येतं, तू काय शिवतेस, दुपारी काय करतेस… असलं काहीतरी, पाहुण्याने विचारावं तसं, अगदी पहिल्यापासून. त्याने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ती दोऱ्याचं टोक दाताने तोडून, पुढची शिवण कुठून घ्यावी याचा विचार करत, त्याच्याकडे पाहू लागली, की त्याच्या पलीकडे, ते त्याला कळेना.