खालच्या दोन ओळी

मित्रांनो, भिंतीकडे तोंड करून उभं राहायची शिक्षा तुम्हाला वर्गात कधी झाली असेल, तर माझं दुःख तुम्हाला चटकन कळेल. मी एक जुना वार्ताफलक आहे. नगरपरिषदेच्या गोदामात, मोडक्या खुर्च्यांच्या मागे, गेली चार वर्षं भिंत बघत उभा आहे. आमचं गाव दिग्रसहून पुसदला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. नाव सांगत नाही, उगाच कोणाला ठसका लागायचा.

मी अस्सल सागवानाचा. गावच्या सुताराने रंधा मारून मला गुळगुळीत केलं, काळा रंग दिला आणि चौकात, सार्वजनिक वाचनालयाच्या दारात उभं केलं. कपाळावर 'आजची वार्ता' अशी पांढरी अक्षरं आली. त्या दिवशी मी जो ताठ झालो, तो पुढची तीस वर्षं ताठच होतो.

रोज सकाळच्या बसने वर्तमानपत्रांचा गठ्ठा यायचा. निवृत्त शिक्षक पंजाबराव तो सोडायचे, चष्मा पुसायचे आणि खडू हातात घ्यायचे. मुंबईत सरकारने काय ठरवलं, नागपुरात कशावरून वाद पेटला, कापूस खरेदी कधी सुरू होणार, नळाला पाणी एक दिवसाआड की दोन, सगळं नऊच्या आत माझ्या अंगावर. मात्र खालच्या दोन ओळी ते रिकाम्या ठेवत. त्या लोकांच्या. ज्याला बातमीवर काही म्हणायचं असेल त्याने तिथे लिहावं, नाव घालावं आणि दुसऱ्याचं पुसू नये, असा चौकाचा नियम होता. जागा संपली की लोक माझ्या चौकटीवर लिहीत, इतके आमच्या गावचे लोक बोलके! संध्याकाळी पंजाबराव शेजारच्या जिनिंग कारखान्यातल्या कापसाच्या बोळ्याने मला पुसत. तो मऊ स्पर्श अजून आठवतो आणि जीव कासावीस होतो.

इंदूबाई त्याच जिनिंगमध्ये कापूस निवडायच्या. त्यांनी शाळा पाहिली नव्हती. कामावर जाताना माझ्यापुढे थांबून त्या एकेक अक्षर हवेत बोटाने गिरवायच्या. पंजाबराव हसून म्हणायचे, "इंदूबाई, तुमची शाळा तं रस्त्यावरच भरून राह्यली." त्यांची मुलगी मैत्रेयी आत वाचनालयात तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करायची. घर एका खोलीचं आणि माणसं सहा, त्यामुळे तिला दुसरी जागाच नव्हती.

पुढे कापसाचे वाईट दिवस आले. गाड्यांच्या रांगा आटल्या, जिनिंगला कुलूप लागलं. बोळा मिळेना म्हणून पंजाबराव मला जुन्या धोतराच्या फडक्याने पुसू लागले. इंदूबाई लोकांच्या वावरात निंदायला जाऊ लागल्या, पण वाट माझ्यासमोरूनच ठेवली.

आणि एके सकाळी पंजाबरावांनी जड हाताने लिहिलं: वाचनालय पाडून तिथे दुकानांचे गाळे बांधण्याचा प्रस्ताव. हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावी.

काय ते तीस दिवस! पानठेल्यावाल्या नेमसिंगने लिहिलं, गाळे झाले तर चार पोरांना काम मिळेल. त्याखाली दहा जणांनी लिहिलं, पोरं वाचतील कुठे? चौकात अशी जुंपली की बसमधले प्रवासीही उतरून वाचू लागले. एकोणतिसाव्या दिवशी इंदूबाई आल्या.

"गुरुजी, खडू द्या जी. आज मले लिवाचं हाय."

पाव तास लागला त्यांना. ओळ वर चढत गेली, पण अक्षरं पक्की होती: 'वाचनालय पाडू नका. माझी पोरगी इथं वाचते. इंदूबाई.' त्या संध्याकाळी पंजाबरावांनी सगळं पुसलं, फक्त त्या खालच्या दोन ओळींपाशी त्यांचा हात थांबला.

आठवड्याने नगरपरिषदेची सभा झाली. एकही लेखी हरकत आली नाही, म्हणून प्रस्ताव मंजूर.

"एकबी नाही?" इंदूबाईंनी विचारलं. "मंग मी लिवलं थे काय व्हतं, गुरुजी?"

पंजाबराव खाली बघत म्हणाले, "कागदावर लिहून हपिसात द्या लागत होतं, इंदूबाई. पोच घ्या लागत होती. साऱ्या जन्माची मास्तरकी केली, अन् हे मले सुचलं नाही. आपण सारे फळ्यावरच भांडत राह्यलो."

मी त्यांना दोष देत नाही. चौकात नावानिशी लिहिलं म्हणजे सरकारला सांगितलं, असंच आम्हा सगळ्यांना वाटत होतं. मलाही.

वाचनालय पडलं आणि मी इथे आलो. पंजाबराव पुढच्या हिवाळ्यात वारले, हे शिपायाच्या बोलण्यातून कळलं. मैत्रेयी अभ्यासाला मावशीकडे पुसदला गेली. पास झाली की नाही, कोणी सांगितलं नाही. गावभराच्या बातम्या सांगणाऱ्या मला आता एक बातमी मिळत नाही. खडूचा वास आठवत दिवस जातो.

भिंतीपलीकडे कार्यालयाची खिडकी आहे. गेल्या महिन्यात तिथून बोलणं ऐकू आलं. वस्तीतली बालवाडी हलवायचं घाटत होतं आणि कोणी बाई हरकतीचा अर्ज घेऊन आल्या होत्या.

"ठेवून जा, बाई."

"ठेवून नाही जात, साहेब. पोच द्या. शिक्का मारून."

एकेकाळी माझ्यासमोर खडू मागणारा तो आवाज मी ओळखला. टेबलाचा खण ओढल्याचा आवाज आला. मग शिक्का दणकन आपटला, एवढा की भिंत माझ्या छातीशी हलली.

मित्रांनो, चौकात जरूर भांडा, नावानिशी भांडा. पण तेच कागदावरही लिहा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आणि कधी या गोदामात आलात, तर मला तेवढं चौकाकडे वळवा. फडकं मात्र आणू नका. खालच्या दोन ओळी अजून भरलेल्या आहेत.