चंद्राबाईंचा कायदा

सरकारने कायदा केला, की शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही. सरकार कायदे करतच असतं. नांद्यासारख्या गावात ते कुणी मनावर घेत नाही. हा मात्र चंद्राबाईंनी मनावर घेतला आणि शाळेसमोरच्या दयानंदच्या टपरीची साडेसाती सुरू झाली.

त्यांच्या मुलाचं, निरंजनचं, तोंड गुटख्यानं आखडलं होतं. घास धड आत जात नव्हता. चंद्राबाई त्याला मऊ भात कालवून भरवायच्या आणि पाठ फिरवून डोळे पुसायच्या. नात अपेक्षा चौथीत होती. निदान या पोरीला तंबाखूचा वाराही लागू द्यायचा नाही, असं त्यांनी देवापुढे ठरवलं होतं.

मग बचत गटाच्या बाया घेऊन त्यांनी तालुक्याच्या कचेरीत ठाण मांडलं. अखेर एक साहेब टेप घेऊन आले. शाळेच्या फाटकापासून मोजत येताना त्यांनी मध्येच डबी काढली, तंबाखू मळली, ओठाखाली बार भरला आणि त्याच भरल्या तोंडानं टपरी बेकायदा ठरवली.

टपरी हलली ती पुढच्या वळणावर, चंद्राबाईंनीच भाड्याने दिलेल्या खोल्यांसमोर. तिथं कंपनीतली पोरं राहायची, त्यामुळे धंदा वाढला. दयानंदने अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू न देण्याचा बोर्डही लावला आणि कायद्याचे मनोमन आभार मानले.

चंद्राबाई निवांत झाल्या. रोज सकाळी उंबऱ्यात बसून त्या मिसरी लावायच्या. मिसरी म्हणजे तंबाखूच, तव्यावर काळी होईस्तोवर भाजून चुरलेली. पण त्या घरात तिला तंबाखू म्हणायची कुणाची छाती नव्हती. भाजताना घरभर ठसका उठायचा आणि अपेक्षा शेजारी बसून चुरू लागायची. देवापुढे ठरवलेला वारा बहुधा दुसरा असावा.

एका सकाळी, बोर्ड लागल्यापासून पहिल्यांदाच, मिसरीची तंबाखू संपत आली म्हणून त्यांनी नेहमीसारखं अपेक्षाला टपरीवर पाठवलं. पोरगी रिकाम्या हातानं परतली.

"दयानंदकाका देत न्हाई. म्हनला, कायदा हाय."

चंद्राबाई तिला घेऊन तरातरा टपरीवर गेल्या. "लेकराच्या हातात पुडी द्यायला तुला काय धाड भरली रं?"

दयानंदने बोर्डाकडे बोट केलं. "कायदा तुमीच आनलाय न्हवं, काकू? आता पाळा की."

"कायदा खानाऱ्याला. आमी काय खातोय व्हय? दात घासतोय!"

भाडेकरू पोरं सिगारेट ओढायची विसरून ऐकत राहिली. आजीची बाजू पडतेय हे बघून अपेक्षाला राहवलं नाही.

"काका, द्या की. खरंच खात न्हाई आमी. आजी लावती, आन ती रानात गेली की मी लावती. न लावता शाळंत गेलं की लई डोस्कं दुखतं माजं."

चंद्राबाईंनी नातीची हनुवटी धरून तिचं तोंड उघडायला लावलं. हिरड्यांच्या कडेनं काळी रेघ होती. मुलाच्या तोंडात रोज बघणाऱ्या बाईनं हे तोंड कधी पाहिलंच नव्हतं. टपरीची फळी धरून त्या तिथंच हमसून हमसून रडायला लागल्या.

अपेक्षाने आजीचा पदर ओढला. "रडू नगं आजी," ती म्हणाली, "वरच्या आळीतल्या दुकानात देत्यात."