काचेचा पाक

विनू मुंबईहून सायन्स शिकून आला आणि आल्या आल्या काय केलं, तर आत्याच्या हलव्याला नावं ठेवली. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने घालायचे, ही रीत. विनूच्या मते हलवा म्हणजे साखरेचे खडबडीत खडे. वाकवायला जावं तर कटकन मोडतात. साखरेला दाणा धरूच द्यायचा नाही, पाकात लिंबू पिळायचं, म्हणजे तिची काच होते. असल्या काचेचा तन्मणी नि बांगड्या घालून बहीण शकू सासरी, मालगुंडास, मिरवेल, असा त्याचा बेत.

आत्या, यमुनाबाई, चुलीशी बसून ऐकत होत्या. हलव्याला काटा आणावा तो उभ्या रत्नागिरीत त्यांनीच. मंद आचेवरच्या परातीत तिळांवर थेंब थेंब पाक सोडायचा नि बोटं भाजून घ्यायची, असं तीस वर्षं चाललं होतं. त्यांच्या स्वतःच्या अंगाला मात्र हलवा कधी लागला नाही. लग्नानंतरची पहिली संक्रांत यायच्या आधीच कुंकू पुसलं गेलं.

विनूने पाकाची तार ओढून थंड केली, दोन पाटांवर आडवी ठेवली आणि मधोमध दोऱ्याने सोनाराच्या गुंजा टांगल्या. तार लवली, गुंजा काढल्या तशी पुन्हा सरळ झाली. त्याने वहीत आकडे मांडले. त्याचे वडील आप्पा चष्मा पुसपुसून कौतुकाने बघत राहिले. गाढवाला गुळाची चव काय, यमुनाबाई मनात म्हणाल्या. असल्या पाकाला समुद्राच्या वाऱ्यावर पाणी सुटतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पण इथे विचारतोय कोण? पडो मेला तोंडघशी, म्हणून त्या गप्प राहिल्या. मागल्या पडवीत त्यांनी गुपचूप हलव्याचा अख्खा साज करून डब्यात भरला. ऐन वेळी डबा उघडायचा नि विनूची जिरवायची, एवढ्यासाठी त्यांचा जीव आसुसला होता.

मालगुंडचं घर अगदी समुद्राच्या पुळणीला लागून. चंद्रकळा नेसून शकू पाटावर बसली, काच चमकली, बायका बघायला पुढे सरकल्या. हळदीकुंकू निम्म्यावर आलं नि तन्मणी लोंबू लागला, बांगड्या मनगटाला चिकटल्या, काळ्या लुगड्यावर पाकाचे ओघळ आले. माहेरी साखर परवडली नाही म्हणून काकवी धाडली का, असं सासूने सगळ्यांदेखत विचारलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. शकू मान खाली घालून माजघरात आली.

तिथे माहेराहून आलेल्या यमुनाबाई डबा घेऊन तयारच होत्या. विनूच्या अकलेला चार शब्द ऐकवून त्यांनी डब्याचं झाकण काढलं. पांढराशुभ्र, काटेदार साज. एक मणी हललेला नाही.

शकूने डब्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“हा कधी केलास गो आत्ये?”

“झाले आठ दिवस. त्या काचेचं काय होणार, ते मला का कळत नव्हतं?”

शकू मनगटावरचा चिकटा नखाने खरवडत राहिली. ती रडली नाही.

“मग हा आता तूच घाल,” ती म्हणाली, आणि हात धुवायला विहिरीवर गेली.

बाहेर बायका अजून हसत होत्या. यमुनाबाईंनी डब्याला झाकण लावायला घेतलं. ते काही केल्या नीट बसेना.